बर्फ पडला तर कळवतो

पनवेलच्या माणसाला सर्वांत जवळचा बर्फ मिळतो तो खोपोलीला. एक्सप्रेसवे धरला की तासाभरात. इमॅजिका थीम पार्कच्या आवारात २०१६ पासून एक बंदिस्त स्नो पार्क आहे. आत तापमान शून्याखाली, बाहेर रायगड जिल्हा. दारात जाड कोट आणि बूट मिळतात, आत यंत्राने केलेला बर्फ असतो, आणि तो मे महिन्यातही असतो. त्याच्यासाठी भूमध्य समुद्रावरून काही वाहत यावं लागत नाही, फक्त वीज यावी लागते. देशातल्या नावाजलेल्या स्की-केंद्रांची गेल्या काही हिवाळ्यांतली अवस्था पाहता, भारतातलं सर्वांत खात्रीचं हिमक्षेत्र खालापूर तालुक्यात आहे असं म्हणायला कुणाची हरकत नसावी.

हरकत घेतली ती लाइन आळीतल्या काकांनी. काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, सकाळी वडाळे तलावाला फेरी मारणारे, आणि टीव्हीवर हिवाळी ऑलिंपिक बघून स्कीइंगच्या प्रेमात पडलेले. ज्या गावात स्वेटर हे वस्त्र डांबरगोळ्यांसकट पिशवीत राहतं आणि फक्त लोणावळ्यापुरतं बाहेर येतं, तिथे हा छंद लागणं म्हणजे वाळवंटात होडी बांधायला घेणं. पण काकांचं म्हणणं ठाम होतं. छपराखालचा बर्फ हा बर्फ नव्हे. बर्फ आकाशातूनच पडला पाहिजे.

आकाशातून पडण्याचा प्रश्न आला की महाराष्ट्र जरा मागे पडतो. तरी अगदीच हात टेकत नाही. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या बाजूला दव गोठतं. बोटीच्या जेटीवर, गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर बसतो आणि वर्तमानपत्रांत ‘महाबळेश्वरात हिमकण’ अशी बातमी येते. रात्री आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल तर जमीन आपली ऊब भराभर गमावते, थंड जड हवा उतारावरून तलावाच्या खोलगटात येऊन बसते. त्यामुळे गावातल्या वेधशाळेचा पारा पुष्कळ वर असतानाही तलावाकाठी दव गोठू शकतं. हा सगळा खेळ सूर्य वर येईपर्यंतचा. शनिवारी पहाटे हिमकण, रविवारी पहाटे पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग, आणि रांगेच्या पुढ्यात साधं ओलं दव. शिवाय त्या थरावर स्की करायची झाली तर ती मुंगीनेच करावी.

तेव्हा हिमालय.

खरं तर बेभरवशाच्या हवामानावर सहली आखण्याचं शिक्षण पनवेलकराला घरबसल्या मिळतं. पावसाळ्यात गाढेश्वरला जायचं ठरवावं, तर त्याच आठवड्यात पाऊस दडी मारतो. पाऊस लागला की धरणाच्या परिसरात बंदी आदेश लागतो. खारघरचा पांडवकडा शंभराहून जास्त मीटरांवरून कोसळायला लागला की खाली पोलीस उभे राहतात, आणि पोलीस उठतात तेव्हा कड्याची धार करंगळीएवढी झालेली असते. यात पोलिसांचं काही चुकत नाही; तिथे माणसं बुडाली आहेत. पण त्यामुळे एक होतं. पनवेलचा माणूस सहलीचं सामान भरताना ती सहल होईलच असं धरून चालत नाही. स्कीइंगसाठी लागणारी ही पहिली पात्रता, आणि ती स्वित्झर्लंडच्या शाळेतसुद्धा शिकवत नसतील.

फरक एवढाच, की पावसाला पंचांग आहे. मृग ७-८ जूनला लागतो, पुढच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं, आणि वाहन म्हैस किंवा बेडूक निघालं की छत्री दुरुस्तीला टाकायची. काश्मीरकडेही हिवाळ्याची अशी जुनी वाटणी आहे. २१ डिसेंबरपासून ४० दिवस ‘चिल्लई कलान’, मग २० दिवस ‘चिल्लई खुर्द’, मग १० दिवस ‘चिल्लई बच्चा’. म्हणजे थोरली थंडी, धाकटी थंडी आणि शेवटी तिचं बाळ. अलीकडे होतंय असं, की थोरली कोरडी निघून जाते आणि बाळ घर डोक्यावर घेतं.

कारण हिमालयातला हिवाळी बर्फ मोसमी वाऱ्यांच्या कुळातला नाही. तो येतो पश्चिमी विक्षोभांतून. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या बाजूने कमी दाबाचे पट्टे निघतात, इराण-अफगाणिस्तानवरून ओलावा घेत घेत येतात आणि हिमालयाला धडकतात. ते आलेच नाहीत तर कोरडं. आले आणि हवा एक-दोन अंशांनी गरम असली, तर बर्फाच्या जागी पाऊस. आले, हवाही थंड निघाली, तर एका रात्रीत एवढं पडतं की रस्ता बंद, वीज बंद आणि ज्याच्यासाठी जमलो तो उतारही बंद. स्कीइंगला हवी ती अवस्था या तिन्हींच्या मधे कुठेतरी असते. त्या फटीत रजा मंजूर करून घ्यायची, हे सरकारी खात्यात हयात घालवलेल्या काकांनाही जड गेलं.

पहिली निवड औली. ती तशी अभ्यासपूर्ण होती. केरळातून ऋषिकेशला जाणारी साप्ताहिक गाडी पनवेलला थांबते. पनवेलच्या फलाटावर चढायचं ते थेट गंगेकाठी उतरायचं. तिथून जोशीमठ साधारण अडीचशे किलोमीटर घाटरस्ता. हिवाळ्यात बद्रीनाथाचे दरवाजे बंद असले तरी आदि शंकराचार्यांची गादी तेवढ्या काळात जोशीमठच्या नृसिंह मंदिरात येते, म्हणजे काकूंना यात्रेचं पुण्य आणि काकांना उतार. वर अडीच ते तीन हजार मीटर उंचीवर औलीची कुरणं, समोर नंदादेवी. एका तिकिटात परमार्थ आणि प्रपंच बसवण्याची ही कला मराठी घरात नवी नाही.

औलीचं चरित्र मात्र काकांनी नंतर वाचलं. जानेवारी २०११ मध्ये तिथे दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा झाल्या. त्या निमित्ताने डोंगरावर एक कृत्रिम तळं आणि बर्फ फवारणारी यंत्रं आली. आकाशाने दगा दिला तर तळ्यातलं पाणी यंत्रात घालायचं आणि बर्फ पाडायचा, अशी चोख व्यवस्था. पण यंत्राला पाण्याबरोबर कडाक्याची थंडी लागते, आणि जिच्या अभावी यंत्र आणलं तीच गैरहजर. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? जानेवारी २०१८ मध्ये ठरलेली आंतरराष्ट्रीय शर्यत बर्फाअभावी गेली. फेब्रुवारी २०२३ मधल्या राष्ट्रीय स्पर्धाही गेल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत जोशीमठच्या घरांना आणि रस्त्यांना भेगा पडल्या, गाव खचू लागलं, आणि जोशीमठ-औली हा सुमारे ४ किलोमीटरचा रोपवे थांबवावा लागला. एका गावाखालची जमीन सरकत असताना त्याच्या डोक्यावर घसरायला जावं, हे काकांना पटेना.

मग गुलमर्गची फाइल उघडली. इथे इतिहास भक्कम. १९२७ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी इथे ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ काढला, १९४८ पासून लष्कराची अतिउंचीवरच्या युद्धाची शाळा इथेच, आणि दोन टप्प्यांचा गोंडोला माणसाला अफरवाटच्या कुशीत जवळपास ४,००० मीटरांवर नेऊन सोडतो. जवळच्या तंगमर्गचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू होता. काश्मीरच्या खऱ्या बर्फावर वाढलेला हा माणूस बीजिंगला ज्या उतारावर उतरला, तो बर्फ जवळजवळ सगळा यंत्रातून काढलेला होता. चिनी मालाबद्दल कुणी काही म्हणो, तो वेळेवर पोहोचतो.

आणि गुलमर्गचा खरा बर्फ? जानेवारी २०२४ मध्ये उमर अब्दुल्ला यांनी तिथल्या कोरड्या मैदानांची छायाचित्रं समाजमाध्यमावर टाकली. चिल्लई कलान भर रंगात आणि गवत पिवळं. स्की भाड्याने देणारे आणि स्लेज ओढणारे उन्हात बसलेले. जानेवारी संपता संपता बर्फ आला आणि फेब्रुवारीत खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पार पडल्या. २०२५ मध्ये त्या २२ फेब्रुवारीपासून ठरल्या होत्या. बर्फच नव्हता म्हणून पुढे ढकलल्या आणि ९ ते १२ मार्चला घेतल्या. हिवाळी स्पर्धा होळीच्या तोंडावर! आयोजकांनी आमंत्रणपत्रिकेत ‘बर्फराजाच्या कृपेने’ असं छापायला हवं होतं.

या स्पर्धांमध्ये महाराष्ट्राचा संघही असतो, ही गोष्ट काका वडाळे तलावावर भेटणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. २०२४ साली लेहमध्ये झालेल्या बर्फावरच्या स्केटिंगमध्ये महाराष्ट्राच्या मुलांनी पदकांची लूट केली. ज्या राज्यात एकही तळं गोठत नाही तिथली ही मुलं. त्यातली कितीतरी सिमेंटच्या अंगणात चाकांच्या स्केटवर तयार झालेली. हिमाचल-काश्मीरची मुलं बर्फाची वाट बघत बसली होती आणि आपली मुलं वाट बघायचं कारणच नसल्यामुळे सराव करत होती, असा काकांचा सिद्धांत आहे. क्रीडातज्ज्ञ तो मानणार नाहीत, पण तो अगदीच टाकाऊही नाही.

गुलमर्ग तरीही बाजूला पडलं. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या हल्ल्यात नवीन पनवेलचा एक माणूस गेला. त्या विषयावर लाइन आळीत कुणी हसत नाही, आणि इथेही पुढे जाणंच बरं.

राहिलं मनाली. नव्या मुंबईचं विमानतळ पनवेलच्या दारात आलेलं, २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागलेली. पण काकांनी चंदीगडला जाणारी रेल्वेच पसंत केली, कारण विमानात लाडू-चिवड्याच्या डब्याचंही वजन करतात. निघण्याआधी हॉटेलवाल्याला रोज फोन. “बर्फ है क्या?” या प्रश्नाला त्याचं उत्तर ठरलेलं: “अभी नहीं है सर, लेकिन आप आओगे तब गिरेगा.” मधेच तो एक व्हिडिओ पाठवी. पांढरंशुभ्र अंगण, पांढरी गाडी, पांढरी झाडं. काकांनी तो थांबवून, मोठा करून पाहिला आणि काउंटरमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दोन वर्षांपूर्वीचं असल्याचं शोधून काढलं. हॉटेलवाल्याने हार मानली नाही. “सर, बर्फ तो वही है.”

एवढं होऊनही सगळे निघाले. काका, काकू, चिरंजीव, सूनबाई आणि नातू. यालाच पर्यटन म्हणतात.

मनालीहून सोलंगकडे निघालं की रस्त्याच्या कडेला कोट-बुटांची दुकानं सुरू होतात. प्रत्येकाला नंबर. कुठल्या नंबरच्या दुकानात जायचं हे पर्यटक ठरवत नाही, टॅक्सीचा ड्रायव्हर ठरवतो. आत अंगभर घालायचे फुगीर कोट टांगलेले असतात, पोपटी, गुलाबी, केशरी. आदल्या गिऱ्हाइकाची ऊब त्यांत अजून शिल्लक असते. गमबूट भाड्याने, मोजे मात्र विकत, कारण मोज्यांच्या बाबतीत हिमाचल प्रदेश तडजोड करत नाही. काकूंनी नऊवारी नाही तरी पाचवारीवर तो पोपटी कोट चढवला आणि आरशात बघून म्हणाल्या, “अहो, पण बाहेर ऊन आहे.”

“अगं, वर असेल बर्फ.”

“वर कुठे?”

“वर म्हणजे वर!”

सोलंगला ऊन होतं. साधंसुधं नव्हे, पापड वाळतील असं. खोरं तपकिरी, गवत वाळलेलं. त्यावर चारचाकी मोटारसायकली फिरत होत्या, मोठ्या प्लास्टिकच्या चेंडूत माणसं घालून चेंडू घरंगळत सोडत होते, छत्र्या घेऊन लोक डोंगरावरून उड्या मारत होते. एक याक फोटोसाठी उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर सरकारी कर्मचाऱ्याचं समाधान होतं. आणि या सगळ्यात शेकडो माणसं फुगीर कोट घालून घामाघूम होऊन हिंडत होती, कारण कोटाचं भाडं दिवसाचं होतं. कोट काढून हातात धरावा तर तो माणसाएवढा. सूनबाईंनी सांगितलं, तो अंगात असलेलाच बरा, निदान स्वतः चालतो.

डोंगराच्या सावलीत एका घळीत थोडासा बर्फ उरला होता. करडा, घोड्यांच्या टापांनी तुडवलेला, कडेने वितळत चाललेला. पण त्या तुकड्याभोवती गर्दी अशी, की आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात जागा सापडावी. स्कीवाले तिथेच. काकांना शिकवायला आलेला मुलगा खरा तयार होता. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेत कोर्स केलेला. ही संस्था १९६१ पासूनची आहे, आणि तिथे रीतसर काही आठवडे घालवले की स्की येते, असं तो सांगत होता. काकांनी पंधरा मिनिटांचे पैसे दिले.

स्कीच्या बुटाबद्दल टीव्ही काही सांगत नाही. तो घोट्यापाशी वाकत नाही. तो घालून माणूस चालत नाही, त्याची मिरवणूक निघते. मग त्या बुटाला दोन लांब फळ्या चिकटवतात, म्हणजे पाय जिथे संपायला हवेत तिथे संपत नाहीत. थांबायचं कसं, तर पुढची टोकं जवळ आणि मागची लांब. सांगायला सोपं. मुलगा म्हणाला, “अंकल, घुटने मोड़ो.” काकांचे गुडघे गेली दहा वर्षं मोडत नव्हते. तरी ते सुटले. बर्फ होता तोवर गेले. मग गवत लागलं, फळ्या थांबल्या आणि काका पुढे गेले.

पडायची रीत असते, बाजूला पडावं, हे मुलाने नंतर सांगितलं. उठायची रीत त्याहून अवघड. नातवाने सगळं चित्रित केलं होतं आणि ते लाइन आळीत पोहोचलंही होतं. काका कपडे झटकत म्हणाले, “उतार बरोबर नाही हा.” काकूंनी लगेच म्हण दुरुस्त केली: “स्की येईना, उतार वाकडा.”

ड्रायव्हरने मग त्यांना बोगद्यापलीकडे नेलं. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला आणि हिमाचलच्या बर्फाचा पत्ता बदलला. ९ किलोमीटरचा हा बोगदा संपला की माणूस लाहौलमध्ये निघतो, सिस्सूला. अलीकडे तपकिरी, पलीकडे बहुतेक वेळा पांढरं. एके काळी सिमल्याजवळ कुफ्रीला स्की होत असे, मग लोक सोलंगला येऊ लागले, मग रोहतांगला. तिथे हरित लवादाने दिवसाला जाणाऱ्या गाड्यांवर मर्यादा घातली. आता सगळे बोगद्यातून पलीकडे. बर्फ वर सरकतो, मॅगीची टपरी त्याच्या मागोमाग सरकते, कोटवाल्यांची पुढची दुकानंही सरकतील. सिस्सूच्या देवांना मात्र हे मान्य नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे धार्मिक सणांचा काळ असतो, गावाला शांतता हवी असते, आणि ऐन बर्फात काही आठवडे पर्यटकांना बंदी असते. पांडवकड्यावर मुरलेल्या काकांना यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट बंदी नसताना आपण पोहोचलो, याचंच त्यांना आश्चर्य वाटत राहिलं.

ड्रायव्हरने परतताना दुसरी बाजू सांगितली. २७ डिसेंबर २०२४ ला इथेच एवढा बर्फ कोसळला, की सोलंगमध्ये सुमारे ५,००० पर्यटक अडकले आणि पोलिसांनी रात्री त्यांना गाड्यांसकट बाहेर काढलं. चाकं जागच्या जागी फिरत होती, ड्रायव्हर गाड्यांबाहेर पळत होते. “जिनको बर्फ चाहिए थी, वो सब रो रहे थे,” तो शांतपणे म्हणाला. त्याच्याकडे चाकांना बांधायच्या साखळ्या होत्या, डिकीत, काकूंच्या चिवड्याच्या डब्याखाली.

रात्री हॉटेलात चिरंजीवांनी मोबाइल उघडून परदेशातल्या बातम्या वाचायला घेतल्या, वडिलांना जरा बरं वाटावं म्हणून. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतात लुशाँ-सुपरबान्येर इथे खालचे उतार उघडे पडले, तर त्यांनी वरच्या शिखरावरून हेलिकॉप्टरने सुमारे ५० टन बर्फ खाली आणून टाकला.

“म्हणजे टँकर!” काका ताडकन उठून बसले. “टँकरमुक्त फ्रान्स करायला सांग त्यांना.”

तिथल्या पर्यावरणमंत्रीही तशाच चिडल्या होत्या. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये ट्रक आणि हेलिकॉप्टर दोन्ही लागले. २०१४ ला रशियाच्या सोचीमध्ये तर आदल्या हिवाळ्याचा बर्फ आच्छादनाखाली वर्षभर झाकून ठेवला होता. हे मात्र काकूंना फार आवडलं. जगात इतर कुणाला साठवण्याची अक्कल आहे, हे त्यांना प्रथमच कळत होतं. मुरांबा वर्षभर टिकतो, तर बर्फ का टिकू नये?

काकूंचा भाचा दुबईत असतो. तिथे २००५ पासून एका मॉलच्या पोटात स्कीचा उतार आहे. बाहेर ४५ अंश, आत उणे. भाचा तिथे रीतसर स्की शिकला आणि अजून त्याने हिमालय पाहिलेला नाही. मराठी माणसांत नीट स्की येणारे कोण, याची पाहणी कुणी केलीच, तर त्यात सह्याद्रीतल्या गिर्यारोहकांपेक्षा आखाती देशांतले अकाउंटंट जास्त निघतील अशी काकांना शंका आहे.

“मग हे आपल्याकडे का करत नाहीत? उघड्यावर?” नातवाने विचारलं. “पनवेलला? कर्नाळ्याच्या उतारावर?”

चिरंजीव इंजिनिअर. त्यांनी समजावलं. बर्फाच्या तोफेतून पाण्याचे बारीक थेंब दाबाच्या हवेबरोबर उडवतात, आणि जमिनीवर यायच्या आत ते गोठले पाहिजेत. त्यासाठी नुसता साधा पारा बघून चालत नाही. ओलं फडकं गुंडाळलेला पारा बघतात. तो शून्याच्या दोन-तीन अंश तरी खाली लागतो. हवा कोरडी असेल तर थेंबातलं थोडं पाणी वाफ होतं आणि उरलेलं जास्त थंड होतं, म्हणून कोरड्या थंडीत काम सोपं. दमट हवेत थेंब थंडच होत नाही. पनवेलची हवा कशी असते हे नातवाला सांगायला नको होतं. त्याच्या शाळेचा गणवेश दोरीवर दोन दिवसांत वाळत नाही.

आता खरा घोळ राहतो तो वेळापत्रकाचा. मराठी शाळांना सुट्टी दोनदा, दिवाळीत आणि मे महिन्यात. बर्फ त्या दोन्हींच्या मधोमध पडतो. नाताळची आठवडाभर सुट्टी असे तेव्हा निदान आशा होती, कारण थोरली थंडी तेव्हाच बसायची. आता ती बसते जानेवारीच्या शेवटी, कधी फेब्रुवारीत, आणि २०२५ चा अनुभव धरला तर मार्चमध्ये. फेब्रुवारी-मार्च म्हणजे दहावी-बारावी. या काळात मराठी घरात टीव्हीचा आवाजसुद्धा वाढवत नाहीत, तिथे सोलंगला कोण नेणार? पश्चिमी विक्षोभ उशिरा येऊ लागले तर त्यात हॉटेलवाल्यांचं नुकसान आहे, शेताचं आहे, वसंतात नद्यांना मिळणाऱ्या पाण्याचं तर फारच मोठं आहे. पण ज्या घरात दहावीचा मुलगा आहे त्या घराचा प्रश्न निराळाच आहे, आणि त्यावर अजून एकाही हवामानतज्ज्ञाने तोंड उघडलेलं नाही.

घरी परतून आठवडा झाला आणि मनालीहून संदेश आला. नवा व्हिडिओ. अंगण पांढरं, गाडी पांढरी, झाडं पांढरी. काकांनी तो थांबवला, मोठा केला. काउंटरमागचं कॅलेंडर या वर्षीचं होतं. हॉटेलवाल्याने ते मुद्दाम दोन्ही हातांनी कॅमेऱ्यापुढे धरलं होतं. खाली एकच ओळ: “सर, आ जाओ.”

काकांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाची पानं उलटायला सुरुवात केली.

“फेब्रुवारीत माझ्या बहिणीकडे लग्न आहे,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “मार्चमध्ये नातवाची परीक्षा.”

“मग एप्रिल?”

“एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्या येतील. त्या कोण उघडून बघणार, रोज?”

“मेमध्ये बोगद्यापलीकडे असतो म्हणे थोडा.”

“मग तुम्ही जा मेमध्ये. आणि हो, परत येताना मोजे विकत आणू नका. घरात पाच जोड पडलेत आणि कुणाचे पाय थंड पडत नाहीत.”